गाडीतून उतरल्यावर तिसऱ्या दिवशी कळ्या का गळतात

नर्सरीतून आलेली जास्वंदीची कुंडी गाडीतून उतरवताना हिरवीगार आणि कळ्यांनी भरलेली असते, दुसऱ्या दिवशीही तिचे बरे चाललेले दिसते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडीखाली कळ्यांचा सडा पडतो. अशा वेळी घेणाऱ्याला वाटते की पाणी कमी पडले, म्हणून तो सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागतो. विकणारा सांगतो की तुमच्या गॅलरीत पुरेसे ऊन नाही. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. कळ्या गळण्याचे कारण दोन दिवस आधी, बंद गाडीच्या अंधारात घडून गेलेले असते आणि त्याचा परिणाम तेवढा उशिरा दिसतो, इतकेच. कुंडीतल्या फुलझाडांची वाहतूक आणि साठवण समजून घेताना कारण आणि परिणाम यांच्यातले हे अंतर आधी ध्यानात घ्यावे लागते, कारण त्यामुळेच या विषयातले बहुतेक गैरसमज तयार झालेले आहेत.

आपल्याकडे ही झाडे बरीच लांबून येतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांग आहे आणि तिथून मुंबई, नाशिक, कोकण, गोवा असा माल जातो; पण त्या नर्सऱ्यांतही आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियम परिसरातून ट्रक भरून झाडे येत असतात. म्हणजे आपल्या दारात आलेल्या कुंडीने कधीकधी एक नव्हे, दोन प्रवास केलेले असतात. त्यात आता खोक्यात बंद होऊन कुरिअरने येणाऱ्या झाडांची भर पडली आहे. वाहन कोणतेही असो, झाडापुरती परिस्थिती सारखीच असते: उजेड नाही, हवा खेळती नाही, तापमानावर कुणाचे नियंत्रण नाही आणि पाने-कळ्या एकमेकांवर दाबलेल्या.

यातला अंधार आधी पाहू. झाड उजेडात साखर तयार करते आणि श्वसनासाठी ती रात्रंदिवस खर्च करते. अंधारात तयार करणे थांबते, खर्च मात्र चालूच राहतो. म्हणजे प्रवासात झाड आपल्या पाना-खोडांत साठवलेल्या शिदोरीवर जगत असते. ही शिदोरी किती दिवस पुरेल हे दोन गोष्टींवर ठरते: निघताना ती किती बांधून दिली होती आणि वाटेत ती किती वेगाने संपते. दुसरी गोष्ट तापमानावर अवलंबून असते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. त्यामुळे १५ अंश सेल्सिअसला चार दिवस सहज निभावणारे झाड ३५ अंशांच्या ताडपत्रीखाली त्याहून खूपच लवकर खंगते. साखर कमी पडू लागली की झाड काटकसर सुरू करते: खालची जुनी पाने पिवळी करून त्यांतले अन्न काढून घेते आणि उमलायला सर्वाधिक खर्च लागणाऱ्या कोवळ्या कळ्या सोडून देते. बहुतेक फुलझाडे तीन-चार दिवसांचा अंधार सहन करतात. त्यापुढे प्रत्येक दिवस महाग पडत जातो.

मग गाडी जितकी थंड तितके चांगले, असा निष्कर्ष कुणीही काढेल. शेवंती, मिनिएचर गुलाब, सायक्लॅमेन अशा थंड हवेच्या झाडांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही आहे. ती २ ते ५ अंशांतही चांगली राहतात. उष्ण प्रदेशातल्या झाडांचे तसे नाही. अँथुरियम, फॅलेनॉप्सिस ऑर्किड, आफ्रिकन व्हायोलेट यांना गोठणबिंदूच्या पुष्कळ वर, १० ते १२ अंशांखालीच थंडी बाधते आणि पानांवर पाणी भरल्यासारखे डाग पडतात. डिसेंबरात सगळीकडे दिसणारे पॉइन्सेटिया याचे चांगले उदाहरण आहे. त्याची वाहतूक १० ते १३ अंशांत करावी, असा संकेत आहे. त्याहून खाली ते काही काळ राहिले, तर फुलासारखी दिसणारी त्याची लाल पाने निळसर-जांभळी होतात आणि मग पांढुरकी पडत जातात. तेव्हा शेवंती आणि अँथुरियम एकाच शीतगाडीत पाठवायची वेळ आली, तर तापमान अँथुरियमला सोसेल तेच ठेवावे लागते. गरम राहिलेली शेवंती थोडी लवकर फुलून जाईल एवढेच. थंडीने डागाळलेले पान मात्र पुन्हा नीट होत नाही.

आता जास्वंदीच्या कळ्या गळण्याच्या मुख्य कारणाकडे येऊ. ते कारण म्हणजे इथिलीन नावाचा वायू. तो रंगहीन असतो आणि झाडांना इजा करणाऱ्या अल्प प्रमाणात त्याचा वासही येत नाही. झाडांसाठी तो संप्रेरक आहे, म्हणजे फळ पिकवणे, फूल मिटवणे, पान गाळणे अशा कामांचा संदेश देणारे रसायन. गंमत अशी की त्याची ओळख झाली ती रस्त्यावरच्या दिव्यांमुळे. युरोप-अमेरिकेतल्या शहरांत कोळशापासून केलेल्या वायूवर दिवे जळत तेव्हा गळक्या नळांजवळच्या झाडांची पाने गळत. सेंट पीटर्सबर्ग इथे दिमित्री नेल्युबोव या संशोधकाने वाटाण्याची रोपे प्रयोगशाळेतल्या हवेत आडवी वाढताना पाहिली आणि दिव्यांच्या वायूतला इथिलीन त्याला कारणीभूत असल्याचे १९०१ मध्ये दाखवून दिले. शिकागोतल्या काचघरांत कार्नेशनची फुले उमलेनाशी झाली, उमललेली मिटू लागली, तेव्हा क्रॉकर आणि नाइट यांनी १९०८ मध्ये तिथेही हाच वायू असल्याचे सिद्ध केले. पिकणारे सफरचंद स्वतःच इथिलीन सोडते, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये दाखवले आणि मग बाहेरून आलेला विषारी वायू म्हणून असलेली इथिलीनची ओळख बदलली. तो वनस्पती स्वतः तयार करतात, हे स्पष्ट झाले.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक तुलना करण्याजोगी आहे. आंबे-केळी पिकवण्यासाठी बाजार समित्यांच्या आसपास जी रायपनिंग चेंबर असतात त्यांत इथिलीन सोडतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने त्याला दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी दिलेली आहे. नाजूक फुलझाडांना इजा व्हायला दहा लाखांत एक भाग काही तास पुरतो आणि मुक्काम लांबला तर त्याचा दहावा हिस्साही इजा करायला पुरतो. म्हणजे फळ पिकवायला ज्या मात्रेची परवानगी आहे, तिच्या हजाराव्या हिश्शानेही फूल गळू शकते. परतीच्या फेरीत भाडे सुटावे म्हणून फळांच्या गाडीत मोकळ्या जागेत कुंड्या टाकणे किती महागात पडते, ते यावरून कळावे. आंब्याच्या पेट्या, पिकलेली केळी, सफरचंद हे सगळे इथिलीनचे मोठे स्रोत आहेत. बंदी असूनही वापरल्या जाणाऱ्या कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीनही, पुष्कळ जास्त मात्रेत का होईना, तसेच काम करतो. याशिवाय इंजिनाच्या धुरात इथिलीन असतो, त्यामुळे गाडी भरताना इंजिन चालू ठेवून मागचा भाग गोदामाच्या दाराला लावणे ही वाईट सवय आहे. उदबत्तीचा किंवा सिगारेटचा धूर, कुजणारा पालापाचोळा, करड्या बुरशीने सडलेली फुले आणि शेवटी दुखावलेले झाड स्वतः, हेही या यादीत येतात.

सगळी झाडे या वायूला सारखीच घाबरत नाहीत आणि हा फरक विकणाऱ्यांनी तरी पाठ करून ठेवावा. जास्वंद, बोगनवेल, कलांचो, मिनिएचर गुलाब, बिगोनिया, इंपेशन्स ही फार नाजूक. जास्वंदीच्या कळ्या गळतात, बोगनवेलीची रंगीत पाने झडतात, कलांचोची उमललेली फुले मिटून जातात ती पुन्हा उघडत नाहीत. उलट शेवंतीच्या फुलांना इथिलीनने फारसे काही होत नाही, म्हणून गौरी-गणपतीच्या धांदलीत कशीही आणलेली शेवंती दहा दिवस टिकते आणि तिच्या शेजारून आलेली कलांचो चौथ्या दिवशी टाकून द्यावी लागते. फॅलेनॉप्सिसची एक वेगळीच खोड आहे. तिच्या फुलाच्या मध्यभागी पिवळ्या परागांचे दोन लहान गोळे एका टोपीखाली दडलेले असतात. कीटकाने परागीभवन केले की त्या फुलाचे काम झाले, म्हणून फूल स्वतःच इथिलीन सोडून एक-दोन दिवसांत कोमेजते. खोक्यात फुले एकमेकांवर आपटून ते गोळे निसटले, तरी फूल वेळेआधी कोमेजू शकते. म्हणूनच ऑर्किडच्या फुलाच्या दांड्याला काठीचा आधार देऊन फुलांमध्ये मऊ कागद घालतात; तो निव्वळ शोभेचा प्रकार नसतो.

गळालेली कळी हातात घेतली तर निदान बऱ्याच अंशी करता येते. जास्वंदीच्या कळीच्या देठावर, कळीच्या थोडे खाली, एक बारीक फुगीर सांधा दिसतो. इथिलीनचा संदेश पोहोचला की या सांध्यातल्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ विरघळवू लागतात आणि कळी देठाच्या तुकड्यासह तिथून सुटते. सुटलेले टोक गोल, गुळगुळीत आणि स्वच्छ असते. गाडीत घासून किंवा दाबून तुटलेल्या कळीचे टोक फाटलेले, धागे निघालेले असते आणि ते सांध्याच्याच जागी असेल असे नाही. गुळगुळीत टोकाच्या पुष्कळ कळ्या एकदम पडल्या असतील तर झाडाने त्या स्वतः सोडल्या आहेत, असे समजावे. त्यामागे इथिलीन, उपासमार किंवा मुळांचा कोरडेपणा यांपैकी काहीतरी आहे. हमालाला बोल लावण्यात अर्थ नाही. पेशी सुटण्याच्या या क्रियेला एक-दोन दिवस लागतात आणि तेवढ्यात कुंडी नव्या घरी पोहोचलेली असते.

पॉइन्सेटियाच्या बाबतीत आणखी एक प्रकार घडतो. पाने मोडू नयेत म्हणून झाडाला खालून वर प्लास्टिकचा कोन चढवतात, त्यामुळे आडवी वाढलेली पाने वर दाबली जातात. देठ वाकल्याच्या ताणाने झाड इथिलीन तयार करते, कोनात हवा कोंडलेली असल्याने तो तिथेच साचतो आणि कोन काढल्यावर पाने खाली लोंबू लागतात. पाणी कमी पडल्यासारखेच ते दिसते, म्हणून लोक पाणी घालत सुटतात आणि मुळे कुजवतात. खरा उपाय असा की कोन गाडी भरण्याच्या अगदी आधी चढवावा, तोंड उघडे ठेवावे, तो शक्यतो छिद्रांचा किंवा कागदाचा असावा आणि माल पोहोचताच काढावा. लोंबलेली पाने पुढे एक-दोन दिवसांत बरीच सावरतात. दुकानात छान दिसते म्हणून आठवडाभर कोनातच ठेवलेली कुंडी विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथिलीनवर रासायनिक उतारेही आहेत. पूर्वी चांदीचे एक संयुग, सिल्व्हर थायोसल्फेट, फवारत असत. ते फार गुणकारी आहे, पण चांदी हा जड धातू असल्याने उरलेल्या द्रावणाची विल्हेवाट ही अडचण होते. नंतर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांनी वन-एमसीपी या वायूचा शोध लावला आणि १९९६ मध्ये त्याचे पेटंट निघाले. पेशींमध्ये इथिलीन जिथे जाऊन बसतो त्या जागाच हा वायू अडवून धरतो, त्यामुळे बाहेर इथिलीन असला तरी संदेश पोहोचत नाही. तो बंद खोलीत काही तास द्यावा लागतो आणि तोही प्रवासाच्या आधी; इथिलीनने आपले काम करून टाकल्यावर तो देऊन उपयोग नसतो. शिवाय झाड नव्या पेशी आणि नव्या जागा तयार करत राहते, त्यामुळे हे संरक्षण काही दिवसांत ओसरते. लहान नर्सरीवाल्याला बंद खोली, मोजमाप आणि औषध हे सगळे जमवणे अवघड जाते. त्याच्यासाठी फळांपासून दूर राहणे, धूर टाळणे, वाळकी फुले काढून टाकणे आणि गाडीत हवा खेळती ठेवणे हे बिनपैशाचे उपाय अधिक खात्रीचे आहेत.

पाण्याचे गणित लहान असले तरी इथेच चुका अधिक होतात. कोरड्या कोकोपीटमध्ये, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरलेल्या नारळाच्या काथ्याच्या भुशात, निघालेले झाड वाटेत सुकते आणि चिंब भिजवून चढवलेल्या झाडांच्या पाना-फुलांवरचे पाणी बंद जागेत सुकत नाही. करड्या बुरशीला, म्हणजे बोट्रायटिसला, रुजायला पाकळीवरचे तेवढे पाणी काही तास मिळाले की पुरते. म्हणून पाणी गाडी भरण्याच्या दिवशी सकाळी किंवा आदल्या संध्याकाळी, फक्त मुळांशी, भरपूर द्यावे आणि जादा पाणी निथळून पाने कोरडी झाल्यावरच माल चढवावा. शीतगाडीतून आलेली झाडे दमट हवेत एकदम बाहेर काढली, तर थंड पाकळ्यांवर हवेतली वाफ दवासारखी साचते. पावसाळ्यात मुंबई आणि कोकणात हे हमखास होते. आधी दार उघडून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात थोडा वेळ जाऊ द्यावा.

आता खऱ्या तयारीकडे वळू. ती नर्सरीत, निघण्याच्या दोन ते चार आठवडे आधी होते. विक्रीपूर्वी झाड टवटवीत दिसावे म्हणून शेवटपर्यंत नत्रखत देण्याची पद्धत आहे आणि ती नेमकी उलट आहे. जास्त नत्राने पाने लुसलुशीत आणि गडद होतात, पण अशी झाडे अंधारात लवकर पिवळी पडतात. शिवाय कुंडीत साचलेले क्षार माती थोडी सुकताच मुळे जाळतात. म्हणून या शेवटच्या टप्प्यात खत निम्मे करावे किंवा थांबवावे, कुंडीतले क्षार साध्या पाण्याने धुवून काढावेत आणि दोन पाण्यांमधले अंतर हळूहळू वाढवावे. घरात ठेवायच्या झाडांना उजेडही टप्प्याटप्प्याने कमी करत न्यावा. फ्लोरिडा विद्यापीठातल्या चार्ल्स कॉनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी शोभेच्या पानझाडांवर केलेल्या कामातून हे नीट स्पष्ट झाले: भर उन्हात वाढलेली पाने कमी उजेडात स्वतःचा खर्चही भागवू शकत नाहीत, तर शेडनेटखाली काही आठवडे काढून तयार झालेली पाने तेवढ्याच उजेडात तग धरतात. फुलझाडांत एक पथ्य अधिक आहे, ते म्हणजे उजेड इतकाही कमी करू नये की शिदोरीच रिकामी राहील. गाडी भरण्याच्या आदल्या दिवशी झाडांना भरपूर उजेड मिळालेला असावा आणि शक्य असेल तर माल दुपारनंतर चढवावा, कारण तेव्हा पानांत साखर सर्वांत जास्त असते.

कोणत्या अवस्थेत पाठवावे, हाही प्रश्न असतो. अगदी हिरव्या, घट्ट कळ्या घराच्या मंद उजेडात उमलतीलच याची खात्री नसते आणि पूर्ण उमललेली फुले वाटेत चुरगळतात. म्हणून रंग दिसू लागलेल्या कळ्या आणि थोडी उमललेली फुले, अशी मधली अवस्था बहुतेकांना मानवते. कुंडी उभी राहिली पाहिजे, ही अट मात्र सर्वांना लागू आहे. आडव्या पडलेल्या झाडाचे शेंडे काही तासांतच वरच्या दिशेला वळू लागतात आणि स्नॅपड्रॅगनसारख्या झाडात ती वाकलेली दांडी पुन्हा पूर्ण सरळ होत नाही. कुरिअरच्या खोक्यात कुंडीची माती कागदाने किंवा कापडाने झाकून बांधावी, कुंडी तळाशी पक्की अडकवावी आणि बाजूंना भोके ठेवावीत. ‘ही बाजू वर’ हे शब्द चारही अंगांवर लिहावेत. त्याकडे दुर्लक्ष होतेच, तरी लिहावेत.

माल पोहोचल्यावरचे काम थोडके असते. खोके किंवा कोन लगेच काढावा. मातीत बोट घालून ओल पाहावी आणि कोरडी वाटली तरच पाणी द्यावे. दोन-तीन दिवस उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवून मग हळूहळू उन्हात न्यावे. या काळात खत देऊ नये, कुंडी बदलू नये आणि जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी तर ठेवूच नये. कळ्या गळालेली जास्वंद मेलेली नसते. पाने हिरवी आणि मुळे पांढरी असतील, तर ती नव्या फुटीवर पुन्हा कळ्या धरते, फक्त त्यासाठी काही आठवडे थांबावे लागते.

नर्सरीवाल्यांसाठी एक साधी चाचणी आहे, जी मोठे उत्पादक नेमाने करतात आणि आपल्याकडे क्वचितच होते. प्रत्येक लॉटमधल्या चार-पाच कुंड्या बाजूला काढून, पाणी देऊन, बंद खोक्यात तीन-चार दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवाव्यात. शक्य असेल तर त्यातल्या निम्म्या खोक्यांत एक-एक पिकलेले केळे टाकावे. मग कुंड्या बाहेर काढून घरातल्यासारख्या उजेडात ठेवाव्यात आणि आठवडाभर रोज पडलेल्या कळ्या नि पिवळी पाने मोजून वहीत लिहावीत. केळ्याशिवायच्या खोक्यांतही झाडे पिवळी पडली, तर खत आणि उजेडाची तयारी कमी पडली आहे. फक्त केळ्याच्या खोक्यांतल्या कळ्या गळाल्या, तर झाडे चांगली आहेत, पण ती जात इथिलीनला नाजूक आहे. तिला फळांच्या गाडीत जागा देऊ नये आणि तिचा माल तीन दिवसांच्या वाटेपलीकडे पाठवण्याची हमी घेऊ नये.